खुबा काढला, लोखंड घातलं नाही

कुबडी बघितली की माणसं हमखास विचारतात, "हिप रिप्लेसमेंट का?" पूर्वी मी बसवून समजावून सांगायचो. आता "नाही, नुसतं काढलंय" म्हणून मोकळा होतो. समोरचा बुचकळ्यात पडतो. काढलंय, मग त्या जागी काय घातलं? काही नाही. उजव्या खुब्याची वाटी, तिच्या पुढचं जांघेतलं हाड आणि वाटीच्या वर जे रुंद हाड असतं त्याचा खालचा भाग, एवढा ऐवज सर्जननी ट्यूमरसकट एका तुकड्यात बाहेर काढला. मग मांडीच्या हाडाचा गोळा वर सरकवून उरलेल्या हाडाला टेकवला, भोवती पॉलिएस्टरच्या जाळीची नळी शिवली आणि जखम बंद केली. प्लेट नाही, कप नाही, टायटॅनियम नाही.

मी भोसरीला टूलरूममध्ये आहे. जिग, फिक्श्चर (म्हणजे हत्याराला वाट दाखवणारे आणि पार्ट घट्ट धरणारे साचे), कधीमधी मोल्डची दुरुस्ती, यातच पंचवीसेक वर्षं गेली. त्यामुळे या लेखात ऑपरेशनपेक्षा त्या न घातलेल्या धातूबद्दल जास्त असेल. कमरेच्या हाडात मोठा ट्यूमर म्हटलं की सगळ्यांना 'निघेल का?' हा एकच प्रश्न पडतो. तो आहेच. पण निघाल्यावर त्या पोकळीचं काय करायचं, यावर मी सर्जनशी जितकी हुज्जत घातली तितकी दुसऱ्या कशावरच घातली नाही.

सुरुवात अगदी रटाळ होती. जांघेत दुखायचं. दिवसा कमी, रात्री जास्त. कूस बदलली की कळ. शॉपफ्लोअरवर उभं राहून काम करणाऱ्याला कंबर दुखते यात कुणालाच नवल वाटत नाही. सायटिकाच्या गोळ्या झाल्या, कमरेचा पट्टा झाला, तेल लावून झालं. मणक्याचे एक्स-रे काढले, ते नीट होते. मणक्याच्या फिल्ममध्ये खुबा येतो तो खालच्या कडेला, अर्धवट, आणि त्यावर आतड्यातल्या हवेची सावली. शेवटी एका तरुण डॉक्टरणीने पोटावर झोपवून पाय फिरवून बघितला आणि पूर्ण पेल्व्हिसचा, म्हणजे कमरेच्या हाडाचा एक्स-रे सांगितला. त्यात उजवीकडे पांढरे ठिपके आणि कडी-कडीच्या रेघा विखुरलेल्या. कूर्चेच्या ट्यूमरमध्ये चुना असा साठतो. एमआरआयमध्ये माप आलं १२ सेंटिमीटर.

एवढा मोठा होईपर्यंत कळलं कसं नाही, हे मलाही लोक विचारतात. हातापायाच्या हाडात गाठ आली तर ती कातडीखाली दिसते. इथे ती आतल्या बाजूला, ओटीपोटाच्या पोकळीत वाढते. तिथे जागा ऐसपैस असते, मूत्राशय आणि आतडी बाजूला सरकतात आणि कुरकुर करत नाहीत. म्हणूनच या हाडातले ट्यूमर बहुतेक वेळा सापडतात तेच मोठे होऊन.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण असा ट्यूमर निघाल्यावर मला फोन करणाऱ्यांपैकी निम्मे याच ठिकाणी उभे असतात. एमआरआय बघून आमच्या भागातले एक सर्जन म्हणाले, "उद्या सकाळी या, छोटासा छेद घेऊन तुकडा काढू, तपासायला पाठवू." बायकोने पिशवी भरायलाही घेतली होती. माझा मेहुणा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे. तो रात्री स्कूटर काढून आला आणि म्हणाला, "दाजी, जो मोठं ऑपरेशन करणार त्यानेच सुई घालायची. उद्या कुठे जायचं नाही." त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. सुई किंवा छेद ज्या वाटेने आत जातो ती वाट ट्यूमरच्या पेशींनी बाटते. नंतर मुख्य ऑपरेशनमध्ये ती वाटही कातडीपासून ट्यूमरपर्यंत, गाठीसकट एकसंध काढावी लागते. म्हणजे सुई पुढच्या छेदाच्या रेषेवरच यायला हवी. भलत्या जागी छेद घेतला, तिथे रक्त साकळून पसरलं, की जो पाय वाचला असता तोही जाऊ शकतो. अमेरिकेतले हाडांचे सर्जन हेन्री मॅन्किन यांनी १९८२ साली आणि पुन्हा १९९६ साली हेच मोजून दाखवलं: बायोप्सी, म्हणजे तपासायला तुकडा काढणं, उपचाराच्या केंद्राबाहेर झाली की घोटाळे कितीतरी पटींनी जास्त. कूर्चेच्या ट्यूमरमध्ये तर आणखी जपावं लागतं. त्यातला चिकट ऐवज मांसात सांडला तर तिथेच रुजतो.

तर आम्ही मुंबईत परळचं कॅन्सरचं हॉस्पिटल गाठलं. बायको आणि मेहुणा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरले. तिथे राज्यभरातले पेशंट, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत बायकोला माझ्यापेक्षा जास्त माहिती झाली होती. सीटी स्कॅनवर बघत जाड सुईने तुकडा घेतला, छातीचाही सीटी झाला, कारण हाडाचा कॅन्सर पसरतो तो आधी फुप्फुसात. फुप्फुसं साफ होती. तुकड्याचा रिपोर्ट आला कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कॅन्सर, ग्रेड दोन, म्हणजे मधल्या जोराचा.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न, "किमो कधी सुरू?" किमो नाही. नेहमीच्या कॉन्ड्रोसार्कोमावर किमोचा जवळपास उपयोग होत नाही आणि रेडिएशनचाही बेताचाच. पेशी सावकाश वाढतात, भोवती कूर्चेचा जाड थर, त्यात रक्तवाहिन्या जेमतेम. औषध पोचणार कसं? चाकू हाच उपचार. मावशीला हे पटेना, तिच्या मते मोठ्या दवाखान्याने आम्हाला गुंडाळलं होतं.

ओपीडीत डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे पेनने कमरेचं हाड काढून दाखवलं. वरचं रुंद हाड म्हणजे पी-वन, खुब्याची वाटी पी-टू, पुढचं-खालचं हाड पी-थ्री, आणि मागे मणक्याच्या बुडाचं तिकोनी हाड (सेक्रम) पी-फोर. ही विभागणी एनेकिंग आणि डनहॅम या दोन सर्जननी १९७८ साली केली, अजून सगळीकडे तीच चालते. पी-वन गेलं तर माणूस चालतो. पी-थ्री गेलं तरी चालतो, फक्त पोटातलं खाली येऊ नये म्हणून जाळी लावतात. सगळं अवघड होतं पी-टू गेलं की, कारण अंगाचा भार तिथूनच पायात उतरतो. माझं पी-टू आणि पी-थ्री पूर्ण, पी-वन थोडं.

"पाय राहील का?" मी विचारलं. डॉक्टरांनी तीन बोटं वर केली. खुब्याचा सांधा, मागची सायटिक नस, आणि पुढची मांडीत जाणारी मोठी रक्तवाहिनी व तिच्या शेजारची नस. या तिघांपैकी एक गेलं तर पाय ठेवायचा. दोन जाणार असतील तर पाय नुसता लोंबत राहतो, तेव्हा तो काढलेला बरा. माझा सांधा जाणार हे नक्की, नसा आणि रक्तवाहिनी एमआरआयवर मोकळ्या दिसत होत्या. तरी संमतिपत्रावर अर्ध्या कमरेसकट पाय काढण्याचीही परवानगी लिहून घेतली. आत गेल्यावर वेगळं दिसलं तर पेशंटला उठवून विचारता येत नाही. ते ऑपरेशन या सगळ्यांतलं सर्वांत जुनं. १८९१ साली सर्जन बिलरोथ यांनी पहिल्यांदा करून बघितलं, पेशंट वाचला नाही. १८९५ साली जिरार यांना जमलं. पाय ठेवून नुसतं हाड काढणं सर्रास व्हायला सीटी आणि एमआरआय यावे लागले. ट्यूमरची कड कुठे हे दिसल्याशिवाय कापणार तरी कुठून?

पुढच्या भेटीत टेबलावर माझ्याच हाडाचं नायलॉनचं मॉडेल होतं, थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं, ट्यूमर लाल रंगाचा. शेजारी पांढऱ्या प्लास्टिकचा एक तुकडा. त्यात करवतीसाठी खाच आणि पिना मारायला तीन भोकं. मला सांगायची गरजच नव्हती, ती जिग होती. मी हातात घेऊन फिरवली आणि विचारलं, "डेटम कुठला घेतलाय?" डॉक्टरांना शब्द कळला नाही, मुद्दा लगेच कळला. हाडाच्या कडेचे उंचसखल भाग हाच आधार, म्हणाले, जिगची खालची बाजू त्याच आकाराची उलटी छापलेली. दुसरीकडे बसतच नाही. मी मॉडेलवर बसवून बघितली. टक्क बसली. मग मी विचारलं की हाडावर स्नायू चिकटलेले असतात, ते खरवडल्याशिवाय ही टेकणार कशी? ते हसले. "म्हणूनच जिथे ट्यूमर जवळ आहे तिथे ही वापरता येत नाही. तिथे स्नायूचा थर गाठीवरच ठेवून तसाच कापायचा."

कडेपासून किती अंतर सोडून कापणार, हेही मी विचारलं. एमआरआयवर दिसते त्या कडेपासून एक ते दोन सेंटिमीटर. आमच्याकडे दोन शतांश मिलिमीटरला पार्ट रिजेक्ट होतो, त्यामुळे मला ते ढोबळ वाटलं. पण आमच्या पार्टच्या आत काही वाढत नसतं.

मग आला धातूचा विषय. मी तयारी करून गेलो होतो. हॅम्बुर्गमध्ये निघालेलं घोड्याच्या खोगिरासारखं इम्प्लांट, उरलेल्या हाडात खुंटी ठोकून बसवायचा आइस्क्रीम कोन नावाचा कप, पेशंटच्या मापाने छापलेलं टायटॅनियमचं अख्खं अर्धं पेल्व्हिस, सगळ्यांची चित्रं मोबाइलमध्ये. टायटॅनियमचं ते काम बघून खरं सांगतो, हात शिवशिवले होते. डॉक्टरांनी सगळी चित्रं शांतपणे बघितली आणि म्हणाले, "तुमच्याकडे फिक्श्चर सैल झालं तर काय करता?"

"बोल्ट आवळतो. नाहीच जमलं तर नवीन बेस प्लेट."

"इथे बेस प्लेट एकच आहे आणि तिचा निम्मा भाग मी काढून टाकणार आहे."

रात्री धर्मशाळेच्या जिन्यात बसून मी हिशेब केला. एका पायावर उभं राहिलं की खुब्यावर वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, कारण बाजूचे स्नायू तोल सांभाळायला खाली खेचत असतात. माझं वजन ६८ किलो, म्हणजे १७० किलो. दिवसाला पाच हजार पावलं धरली तर उजव्या पायाची अडीच हजार, म्हणजे वर्षाला नऊ लाखांहून जास्त वेळा हा भार येणार आणि जाणार. टायटॅनियम ते सोसेल. पण ज्या चतकोर हाडात ते रोवायचं ते सोसेल का? हाड जिवंत असतं, झिजलं तर भरून काढतं, पण आत हलणारी खुंटी असली की भरण्याऐवजी मागे सरतं.

दुसरं कारण जंतुसंसर्ग. या भागातल्या ऑपरेशननंतरची सर्वांत नेहमीची भानगड हीच. ऑपरेशन लांबलचक, गाठ काढल्यावर मोठी पोकळी उरते आणि तिच्यात रक्त-पाणी साठतं, वरचं आवरण पातळ झालेलं, शेजारी आतडी आणि मूत्राशय. त्यात धातू असला की जंतू त्याच्या पृष्ठभागावर थर धरून बसतात. धातूला रक्तपुरवठा नाही, सलाइनमधून दिलेलं अँटिबायोटिक तिथवर जातच नाही. मग पुन्हा उघडा, धुवा, शेवटी ते काढा.

निर्णय लागला तो बायकोच्या प्रश्नाने. मी तन्यता आणि फटीगमध्ये, म्हणजे सारख्या भाराने धातू थकण्याच्या हिशेबात, अडकलो होतो, तिने सरळ विचारलं, "अहो डॉक्टर, पुन्हा पोट उघडायची वेळ कशात जास्त येते?" डॉक्टर म्हणाले, "धातूत." "आणि नुसतं टेकवून ठेवलं तर तोटा काय?" पाय काही सेंटिमीटर आखूड, चाल झोकांड्या देणारी, बहुतेक वेळा हातात काठी. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काठी चालेल."

धातू वाईट असं माझं म्हणणं नाही. काहींना तो शोभतो, वरचं हाड भरपूर उरलं असेल तर छान बसतो आणि पाय आखूड होत नाही. तिसराही मार्ग असतो, तो मी शेजारच्या कॉटवर बघितला. बीडकडचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, युइंग सार्कोमा नावाचा हाडाचा कॅन्सर. त्याचा आजार किमोला दाद देणारा, त्यामुळे आधी कित्येक आठवडे किमो, गाठ आक्रसल्यावर ऑपरेशन. त्याचं हाड काढलं, गाठीचं मांस खरवडलं, निर्जंतुक पिशवीत घालून रेडिएशन विभागात नेलं, एकाच वेळी ५० ग्रेचा (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) डोस दिला आणि परत आणून त्याच जागी प्लेटने बसवलं. पेशी मेल्या, आकार तोच राहिला. अंगावर एवढा डोस एकदम देता येत नाही, पिशवीतल्या हाडाला देता येतो. ते ऐकून मी तासभर गप्प होतो. स्वतःचाच पार्ट उष्णतोपचाराला पाठवून परत फिट करायचा! तो मुलगा मात्र त्याबद्दल बोलायचा नाही, त्याला केस कधी येतील एवढंच विचारायचं असायचं.

ऑपरेशनचं मला काय सांगता येणार, मी झोपलो होतो. आदल्या दिवशी रक्त. काही लिटर रक्त जाऊ शकतं म्हणून डोनर जमवायचे होते. आमच्या कंपनीतली पोरं रात्रपाळी संपवून ट्रॅव्हलरने आली. त्यातल्या दोघांचं हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं, तर ते चहा पिऊन वॉर्डात मला शिव्या द्यायला आले. मूत्रवाहिनी हाताला ओळखू यावी म्हणून आधी तिच्यात एक नळी घातली होती. बाकी सकाळी नेलं ते संध्याकाळी बाहेर आणलं. पाय आहे का हे बघायला मी डाव्या पायाने उजवा चाचपला.

काढलेल्या तुकड्याचा फोटो मी मागून घेतला. बायकोने बघितला नाही. पॅथॉलॉजीत मधोमध कापलेला. हाडाचा जाळीदार पिवळसर भाग आणि त्यात घुसलेले निळसर पांढरे, काचेसारखे चकचकीत गोळे, मधेमधे खडूसारखे चुन्याचे डाग. बाहेरून सगळ्याला शाई फासलेली. शाई कशाला? तर सर्जनने कापलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू यावी म्हणून. शाई आणि ट्यूमर यांच्यामध्ये किती निरोगी भाग आहे ते मोजतात. हाडाच्या बाजूला भरपूर होता, आतल्या स्नायूच्या बाजूला सर्वांत कमी, ८ मिलिमीटर. आम्ही पहिला पार्ट तपासताना व्हर्निअर लावतो, अगदी तेच. रिपोर्टवर 'मार्जिन मोकळे' हे शब्द आल्यावर मेहुण्याने वडापाव आणले.

पुढचा साधारण दीड महिना कंटाळवाणा आणि घाण होता. गुडघ्याखालच्या हाडातून आरपार पिन, तिला दोरी, पलंगाच्या टोकाला कप्पीवरून वजन. गोळा जागेवर राहून भोवती जखम भरताना बनणारा घट्ट चट्टा धरावा म्हणून. तोच चट्टा आता माझा सांधा. कुशीवर वळायचं नाही. छेदाच्या एका कोपऱ्यात कातडी काळी पडली, ती कापून रोज ड्रेसिंग. एकदा ताप चढला तेव्हा सगळे अँटिबायोटिक बदलायच्या घाईत होते आणि मी मनात म्हणत होतो, आत धातू नाही ते बरं. टाचेला जखम होऊ नये म्हणून वॉर्डातल्या मावशी दर खेपेला टाचेखाली हात घालून बघायच्या. "दादा, टाच जपा, बाकीचं डॉक्टर जपतील," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता मी शॉपफ्लोअर सोडून डिझाइनच्या टेबलावर बसतो. खुर्चीत तासन्‌तास बसता येतं. मांडी घालता येत नाही, त्यामुळे लग्नात पंगतीला मला टेबल लागतं. संडास कमोडचाच. जिना चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा. स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावून घेतली आहेत. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी छाती आणि पेल्व्हिसची तपासणी होती, आता सहा महिन्यांवर आली आहे. कूर्चेचा हा आजार उशिराही डोकं वर काढू शकतो, त्यामुळे फेऱ्या बरीच वर्षं चालतील.

पाय साडेचार सेंटिमीटर आखूड भरला. बुटाला उंची देताना पूर्ण साडेचार देत नाहीत, सेंटिमीटरभर कमी ठेवतात, नाहीतर पाऊल पुढे आणताना चवडा जमिनीला घासतो. पहिला तळ बाजारातून एकसंध ठोकळा लावून आणला. जड, आणि घोटा सारखा मुरगळायचा. मग मी आमच्या कोपऱ्यावरच्या चर्मकाराजवळ बसलो. एमसीआर शीटचे (चपलांच्या तळाला वापरतात त्या हलक्या रबराचे) थर चिकटवले, टाचेला ठरलेली पूर्ण उंची, चवड्याकडे उतार, पुढच्या टोकाला गोलाई दिली म्हणजे पाऊल आपोआप लोळतं. बाहेरच्या बाजूला तळ जरा रुंद ठेवला, घोटा वळायचा थांबला. त्याचं ॲल्युमिनियमचं टेम्प्लेट मी टूलरूममध्ये करून त्या काकांकडेच ठेवलंय. कुणाला लागलं तर कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने बाह्यरेषा काढा, दोन्ही पायांतला फरक लिहा आणि खाली कॉमेंटमध्ये कळवा. उतार किती द्यायचा ते मी काढून देतो.